भोंडवेबाईंचं बोट

तमाम श्वास घेणाऱ्या पुणेकरांना, आणि जे काही खासगी कारणाने सध्या तो रोखून धरून बसले असतील त्यांनाही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की आपण सगळे रोज कुठल्या ना कुठल्या जिन्यावर एक उंबरठा ओलांडत असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. हा उंबरठा लाकडाचा नाही, दगडाचा नाही. तो आपल्या श्वासात असतो. तो नेमका कुठल्या पायरीवर येतो हे निव्वळ कानाने सांगणारी एक बाई या शहरात उभा जन्म नोकरी करून गेली आणि शहराने तिच्या नावाचा साधा चौकही केला नाही. म्हणून ती जबाबदारी मी स्वतःच्या शिरावर घेत आहे. वाचकांनी सरळ बसावं. पोट आत ओढू नये; बाईंना ते लगेच कळायचं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोऱ्या. शनिवार पेठेच्या टोकाला, नदीच्या अंगाला असलेल्या एका दवाखान्यात अहवाल टाइप करणारा माणूस हवा होता. मुलाखत तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टवर पाटी : ‘बंद आहे. कधी सुरू होईल हे आम्हालाही माहीत नाही.’ मी वर पोचलो तेव्हा खोलीत एक बुटकी, भरल्या अंगाची बाई दाराकडे पाठ करून उभी होती. साडीवर पांढरा एप्रन, पायात पळायचे बूट, चष्म्याला काळी दोरी. मी ‘आत येऊ का’ म्हणायच्या आधीच, मान न वळवता ती म्हणाली,

“या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ओलांडलात.”

“काय ओलांडलं?”

“उंबरठा. सिगारेट ओढता?”

“सोडली.”

“कधी?”

“काल,” मी म्हणालो. का कोण जाणे, त्या पाठीशी खोटं बोलता येईना.

“बसा. नोकरी मिळेल. पण जिना रोज हाय, ध्यानात ठेवा.”

नोकरी मिळाली. सिगारेट पुढच्या महिन्यात खरंच सुटली. जिना अजून आहे.

या भोंडवेबाई. आमच्या व्यायाम चाचणी विभागाच्या तंत्रज्ञ, म्हणजे खरं तर तो विभागच. बाकी एक सायकल, एक यंत्र, एक पलंग, एक मदतनीस आणि एक मी. माहेर वाघोलीचं. वडिलांची शेती होती तिथे आता बारा-बारा मजल्यांच्या सोसायट्या आहेत आणि त्यातल्याच एकीत, स्वतःच्या जुन्या ज्वारीच्या वावरावर सातव्या मजल्याच्या उंचीवर, बाई राहायच्या. “आमचं वावार तेवढंच हाय,” त्या म्हणायच्या, “फक्त उभं केलं.” त्यांच्या भाषा दोन. पेशंटशी बोलताना पेठेला लाजवील अशी ‘आपण’वाली शुद्ध मराठी, मनापासून बोलायचं झालं की वाघोली.

कान कुठून आला असं विचारलं की सांगायच्या, बैलांकडून. लहानपणी बांधावर बसून त्या नांगराच्या बैलांचा श्वास ऐकायच्या आणि “आण्णा, सोडा आता” असं ओरडायच्या. आण्णा सोडायचे. “बैलाला बोलता येत न्हाई, बापट. पण नाकपुडीला खोटं बोलता येत न्हाई. माणसाला पहिलं जमत नसतं तर लई सोपं झालं असतं.”

आता त्या खोलीत काय चालायचं ते सांगतो. पेशंटला सायकलवर बसवायचं. नाकातोंडावर घट्ट मास्क. मास्कला नळी, नळी यंत्राला. प्रत्येक श्वासात किती प्राणवायू आत गेला आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर आला ते यंत्र मोजतं आणि पडद्यावर ठिपके टाकत जातं. सायकल दर मिनिटाला जड होत जाते. एका जागी ठिपक्यांची रेघ वाकते. तीच ती जागा. डॉक्टर तिला ॲनएरोबिक थ्रेशोल्ड म्हणतात. बाई तो शब्द पेशंटसमोर काढू द्यायच्या नाहीत. “नुसतं नाव ऐकून ठोके दहाने वाढतात.” त्या प्रत्येक पेशंटला, मग तो फौजदार असो की फुलवाला, हेच सांगायच्या :

“आपल्या मांडीत एक गॅसची शेगडी आहे असं समजा. प्राणवायू पुरतोय तोवर निळी ज्योत, भांडं काळं होत नाही. आपण जोर वाढवत गेलात की एका क्षणी ती शेगडी पुरेनाशी होते. मग मांडी म्हणते, जोडीला चूल पेटवा. चूल पेटली की धूर आला. तो बाहेर काढायला छाती दुप्पट चालायला लागते. आता आपल्या मांडीत वाकून बघायला आपण काही आम्हाला परवानगी देणार नाही. म्हणून आम्ही धुराड्यापाशी उभे राहतो आणि धूर कधी वाढला तेवढं बघतो.”

आणि मग, मास्कचा पट्टा आवळता आवळता : “उंबरठ्यापर्यंत श्वास नोकरी करतो. तिथून पुढे ओव्हरटाइम. चला, मारा पायडल.”

पण खरा प्रयोग यानंतर. पायडल सुरू झालं की बाई पेशंटकडे आणि पडद्याकडे, दोघांकडे पाठ करून उभ्या राहायच्या. डोळे मिटलेले. उजव्या हाताची तर्जनी हवेत. गाण्याच्या बैठकीत एखादा जाणता श्रोता समेची वाट बघत बसतो ना, तशी. मिनिटं जायची. सायकल जड व्हायची. पेशंट घामाघूम. बोट हवेत. आणि मग कधीतरी, आपल्याला काही म्हणजे काही वेगळं ऐकू आलेलं नसताना, ते बोट खाली यायचं. बाई डोळे उघडून घड्याळ बघायच्या, टेबलावरच्या शाळेतल्या पाटीवर पेन्सिलीने मिनिट-सेकंद लिहायच्या आणि पाटी पालथी घालायच्या. चाचणी संपली, यंत्राने आपला निकाल दिला, की पाटी सुलटी. फरक? पाच सेकंद. आठ सेकंद. एकदा अकरा सेकंद निघाला तर बाईंनी यंत्रच उघडायला लावलं, आणि नळीत पाणी साचलेलं सापडलं. मी शपथेवर सांगतो. शपथ घेताना माझा श्वास मोजला तरी चालेल.

मास्क लावल्यावर बोलायला मनाई. बोललं की श्वासाचं गणित बिघडतं. आता विचार करा, पुण्यात, शनिवार पेठेत, माणसाला बारा मिनिटं गप्प बसवायचं! हृदयाचे झटके येऊन गेलेली माणसं सायकलला घाबरायची नाहीत, पण हे ऐकून त्यांचा चेहरा उतरायचा. खुणा ठरलेल्या : अंगठा वर म्हणजे ठीक, पंजा म्हणजे थांबवा. एक निवृत्त मुख्याध्यापक होते. आठव्या मिनिटाला त्यांनी डोळे विस्फारले, एक हात छातीपाशी नेला आणि दुसऱ्या हाताने समोरच्या भिंतीकडे बोट दाखवत जोरजोरात हातवारे करायला लागले. देखरेखीला असलेल्या डॉक्टर धावल्या, सायकल थांबवली, मास्क काढला, मी ऑक्सिजनची नळी घेऊन उभा.

“काय होतंय सर?”

“तुमचं ते घड्याळ,” मुख्याध्यापक धापा टाकत म्हणाले, “दोन मिनिटं मागे आहे.”

बाई शांतपणे स्टुलावर चढल्या, घड्याळ दोन मिनिटं पुढे केलं, खाली उतरल्या. “आपला उंबरठा यायला एकच मिनिट राहिलं होतं. आता अर्धा तास विश्रांती घ्या आणि पहिल्यापासून बसा. आणि येताना छातीवरचा हात बाहेर ठेवून या.”

हिंजवडीहून एक तरुण आला होता. मॅरेथॉनवाला. अंगावर इतके चकचकीत कपडे की खोलीतला दिवा बंद केला तरी चाललं असतं. “मॅम, ॲक्च्युअली माझ्या वॉचने थ्रेशोल्ड ऑलरेडी डिटेक्ट केलाय. मला फक्त कन्फर्म करायचंय.”

“असं का?” बाई म्हणाल्या. “मग घड्याळ काढून सीटवर ठेवा. आपण बाहेर बसा, चहा सांगते.”

शेवटी दोघंही बसले, घड्याळ आणि तो. निकाल आला तेव्हा घड्याळ सपशेल आपटलं होतं आणि पाटी यंत्रापासून सहा सेकंदांवर होती. पोरगं पाटीकडे बघतच राहिलं. “मॅम, तुमचं कुठलं मॉडेल?”

“वाघोली,” बाई म्हणाल्या. “जुनं हाय. पण चार्जिंग लागत न्हाई.”

इथवर तुम्ही हसत आलात, ठीक आहे. आता माझा गुन्हा सांगतो.

वर्षानुवर्षं अहवाल टाइप करणाऱ्या माणसाला हळूहळू आपण डॉक्टरच आहोत असं वाटायला लागतं. हा आजार मला झाला होता आणि त्यावर औषध नाही. अशात माझे सासरे, नानाजी, चाचणीला आले. नानाजी मूळचे वर्ध्याचे. ऐन तारुण्यात पिंपरीच्या कारखान्यात फिटर म्हणून आले ते इथलेच झाले. पुण्यात उभी हयात काढून त्यांनी बऱ्यापैकी पुणेरी बोलणं कमावलं होतं, पण भूक लागली, राग आला किंवा दम लागला की ते सगळं गळून पडायचं आणि आतून वर्धा बाहेर यायची.

नानाजींच्या पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीला फुगा आला होता. फुगा मोठा होता आणि कुठल्याही दिवशी फुटू शकला असता. त्याची जागा अशी अडचणीची, की आतून जाळी सरकवून भागणार नव्हतं. पोट उघडूनच दुरुस्ती करावी लागणार होती. वय चौऱ्याहत्तर. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी अट घातली : श्वासाची चाचणी करा. उंबरठ्याचा आकडा, म्हणजे त्या क्षणी शरीर दर किलोमागे मिनिटाला किती मिलिलिटर प्राणवायू वापरतं तो, अकराच्या वर आला, तर हे शरीर एवढी मोठी शस्त्रक्रिया सोसेल. खाली आला, तर शस्त्रक्रिया नाही. गोळ्या घ्यायच्या आणि थांबायचं. कशासाठी थांबायचं, हे घरात कुणी मोठ्याने म्हणत नव्हतं. माझी बायको रजनी आठ दिवस पोळ्या करता करता मधेच थांबायची आणि विचारायची, “येईल ना हो अकरा?” आणि मी, टायपिस्ट, म्हणायचो, “आरामात.”

त्या दिवशी मदतनीस रजेवर. बाई कोपऱ्यात यंत्राला पिचकारी मारत होत्या. तीन लिटर हवेची एक मोठी पिचकारी असते. रोज ती यंत्रात मारून यंत्र खरं मोजतंय ना ते बघायचं. बाई त्याला यंत्राची चूळ म्हणायच्या. मी म्हटलं, बाई, तुमचं चालू द्या, पेशंट मी तयार करतो. आपल्याच माणसासमोर जरा रुबाब.

“नानाजी, कवळी काढा.”

“काऊन? सायकल दातानं चालवाची हाय का?”

“मोठ्या तपासणीच्या आधी काढतातच. नियम आहे.”

असा कुठलाही नियम नव्हता. ऑपरेशनच्या आधी काढतात हे मी कुठेतरी पाहिलं होतं, तेवढ्या भांडवलावर मी तो जागच्या जागी केला. कवळी रुमालात गुंडाळून खिशात टाकली. दात निघाले तसे नानाजींचे गाल आत गेले. मी मास्क बसवला, पट्टा आवळला, लांबून बघितलं आणि स्वतःवर खूश झालो.

पायडल सुरू झालं. बाईंची पाठ, मिटलेले डोळे, बोट हवेत. सहाव्या मिनिटाला त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“बापट, कुठंतरी फुसफुसतंय.”

“एसी असेल बाई,” मी छातीठोकपणे सांगितलं. बोट हवेत असताना बाई वाद घालायच्या नाहीत.

त्याच सुमाराला पडद्यावर ठिपके भरकटले आणि यंत्राने रेघ मारली : हा उंबरठा. बोट अजून हवेत होतं. सात मिनिटं झाली, आठ झाली. साडेआठला बोट खाली आलं. बाईंनी पाटीवर लिहिलं, पाटी पालथी घातली.

आमच्या डॉक्टर सानिका तरुण, हुशार आणि स्वभावाने गोड. त्यांनी आकडा वाचला. “आकडा नऊ. अकराच्या खाली.” पाटी सुलटी केली आणि दोन्ही वेळा पुन्हा ताडून पाहिल्या. “बाई, मशीनमध्ये आणि तुमच्यात अडीच मिनिटांचा फरक आहे.”

“पुन्हा करू,” बाई म्हणाल्या.

“कर्व्ह क्लिअर आहे हो. आणि शेजारच्या बांधकामाचं दिवसभर ते ड्रिलिंग चालू असतं. या महिन्यात तुम्ही रिटायर होताय…” पुढचं त्यांनी चांगुलपणाने गिळलं. पण खोलीत ते सगळ्यांना ऐकू आलं : कान गेला असेल.

रोज ओल्या फडक्याने पुसायची पाटी बाईंनी त्या दिवशी पदराने पुसली. मी अहवाल टाइप केला : ‘शस्त्रक्रियेचा धोका फार मोठा.’ परवा दुपारी सर्जन तो बघून अंतिम निर्णय घेणार होते. जिना उतरताना रजनी कठड्याला धरून उतरली. नानाजी तोंडाचं बोळकं मिटून तिच्या मागून उतरले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. “जावईबुवा, माहे दात कुठी हायत? दोन घंट्यापासून पोळीकडे पाहून राहिलो.”

मी खिशातून रुमाल काढला, जेवणाच्या टेबलावर उलगडला. आमटीच्या वाटीशेजारी कवळी माझ्याकडे बघून हसायला लागली. मी हसणार, इतक्यात मला नानाजींचे आत गेलेले गाल दिसले. मी आरशासमोर जाऊन स्वतःचे गाल आत ओढले आणि कडेने बोट घालून बघितलं. बोट काय, हात गेला असता. दात नाहीत, म्हणून गाल आत. गाल आत, म्हणून मास्कला फट. श्वास जोरात सुटायला लागला तशी त्या फटीतून हवा पळाली आणि यंत्र फसलं. आणि ते फुसफुसणं! आमच्या खोलीतला एसी उन्हाळ्यापासून बंद होता. ‘बंद आहे’ ही पाटी मीच टाइप करून लावली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कवळी डब्यात घालून तीन मजले धावत चढलो. (पहिल्या मजल्यावरच ओलांडला.) खोलीत बाई नव्हत्या. असं कधी झालं नव्हतं. पहारेकरी म्हणाला, बाई खाली कानवाल्यांकडे गेल्यात.

तळमजल्यावर कानाची तपासणी होते. काचेची खिडकी असलेली एक छोटी बंद खोली, आवाज आत नाही, आवाज बाहेर नाही. पेशंटने कानावर हेडफोन लावायचा आणि बारीक आवाज ऐकू आला की बोट वर करायचं. आत भोंडवेबाई बसल्या होत्या. डोळे मिटलेले, ताठ, शाळेत पहिल्या बाकावर बसल्यासारख्या, आणि बोट वर होत होतं, खाली येत होतं, वर होत होतं. स्वतःचा कान तपासायला बसल्या होत्या.

“बाई, तुमचा कान चांगला आहे!” मी काचेबाहेरून ओरडलो. “मी दात काढले! नानाजींचे! एसी नव्हता!”

बाईंना अर्थातच काही ऐकू गेलं नाही. बाकी सगळ्या तळमजल्याला गेलं. रांगेतले आजोबा शेजारच्याला म्हणाले, “ह्यांना कानाचं नाही, दुसरंच काहीतरी असेल.”

“काका, टेस्ट चालू आहे,” तिथली मुलगी कुजबुजली.

मग मी डबा उघडला आणि कवळी काचेला लावली.

बाईंनी डोळे उघडले. समोर काच, काचेवर दातांच्या दोन ओळी, त्यामागे मी. त्यांचं बोट हवेतच राहिलं. आत बहुधा शिट्टी वाजून गेली असावी, मुलीने कागदावर काहीतरी खोडलं, पण बाई माझ्याकडे बघत होत्या. दातांकडे, माझ्याकडे, परत दातांकडे. मग त्यांनी हेडफोन काढला, दार उघडलं, बाहेर येऊन मुलीच्या हातातला तपासणीचा कागद घेतला आणि दोनच शब्द बोलल्या.

“एसी, व्हय?”

मी कवळी डब्यात घातली आणि त्यांच्या मागोमाग निघालो.

आता खरी बाई सांगतो. मला वाटलं, ही मला धरून वर नेणार आणि डॉक्टरांपुढे उभं करणार. तिने तसं केलं असतं तर मी तोंड वर काढलं नसतं. जिना चढताना त्या फक्त म्हणाल्या, “गप ऱ्हावा आता. बोलून बोलून लई धूर केलाय.” आणि डॉक्टर सानिकांपुढे जाऊन, हात मागे बांधून, शुद्ध पेठेतल्या मराठीत :

“काल मास्क नीट बसलेला नव्हता. पेशंटची कवळी काढलेली होती, गालापाशी हवा सुटत होती. चाचणी माझ्या खोलीत झाली, तेव्हा चूक माझी आहे. मला ती दुरुस्त करायची आहे.”

“बाई, मास्क मी…” मी सुरुवात केली.

“बापट, आपण टाइप करा.”

डॉक्टरांनी एकदा माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. त्या हुशार आहेत हे आधी सांगितलंच. “उद्या सकाळी दहाला घेऊ,” त्या म्हणाल्या. “तीनला मीटिंग आहे. आणि बाई… सॉरी. कानाबद्दल.”

“कान बरोबर हाय,” बाई म्हणाल्या. “कागद हाय माझ्याकडं आता.”

दुसऱ्या दिवशी दहाला खोलीत माणसं मावत नव्हती. डॉक्टर, मी, भूल देणारे डॉक्टर स्वतः आलेले, आणि बाईंनी रजनीलाही आत घेतलं. “बाहेर बसून ह्या श्वास रोखून धरतील, त्यापेक्षा आत बघू द्या.” नानाजी कवळी लावून, दाढी घोटून, लग्नाला निघाल्यासारखे. मास्क बाईंनी स्वतः बसवला. चारी बाजूंनी गालावरून तळहात फिरवला, डोळे मिटून कान लावला, मग मान हलवली. एसीकडे एकवार बघितलं. मग माझ्याकडे.

पायडल. पाठ. बोट.

पाच मिनिटं झाली. सहा झाली. परवाच्या रेघेची जागा आली आणि गेली, ठिपके सरळ चालले होते. नानाजींचा श्वास एका चालीत, जुन्या फिटरचा; घाईबिई काही नाही. सात. रजनीने माझं मनगट धरलं होतं, त्यावर तिची नखं अजून असतील. आठ. नानाजींच्या कपाळावरून घाम मास्कवर टपकला. बोट हवेत. पडद्याकडे बघायची माझी छाती होईना, म्हणून मी त्या बोटाकडेच बघत होतो. थरथरत नव्हतं ते, अजिबात नाही. साडेआठ मिनिटं होऊन गेली, आणि बोट, एखादं पान खाली यावं तसं, सावकाश खाली आलं. पाटीवर पेन्सिल करकरली. पाटी पालथी.

चाचणी संपल्यावर डॉक्टर सानिकांनी यंत्राने मारलेली रेघ पाहिली, मग वाकून स्वतःच्या हाताने पाटी सुलटी केली. चार सेकंदांचा फरक. आणि आकडा? बारा पूर्णांक चार. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, “माझ्याकडून होकार.”

पुढचं थोडक्यात सांगून टाकतो. शस्त्रक्रिया झाली, नीट झाली. नानाजी आज सोसायटीच्या पंपाच्या खोलीत नाक खुपसून प्लंबरला अक्कल शिकवत असतात. बाई त्या महिनाअखेरीस निवृत्त झाल्या. निरोपाचं भाषण त्यांनी करू दिलं नाही; म्हणाल्या, भाषणात माणूस श्वास कुठंही घेतो, ऐकवत नाही. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या, घरीच, झोपेत. त्यांची सून सांगत होती, शेवटचे दोन दिवस स्वतःचाच श्वास ऐकत पडल्या होत्या, मोठ्या आवडीने. त्यांच्यानंतर आम्ही मास्कच्या पेटीवर एक सूचना चिकटवली, ‘कवळी असल्यास काढू नये’, आणि ती टाइप करताना वाटलं, बाईंनी मला काही शिकवलं असेल तर ते हेच, की चूक आपल्या खोलीत झाली की ती आपली म्हणायची.

पण त्या सकाळी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या सकाळी खोलीत नुसती धमाल होती. रजनी रडत होती आणि हसत होती, डॉक्टर सानिका बाईंना मिठी मारत होत्या, बाई “अगं चष्मा, चष्मा” म्हणत होत्या, भूल देणारे गंभीर डॉक्टर माझ्याशी विनाकारण हस्तांदोलन करत होते. मी पुढे झालो, नानाजींचा मास्क काढला आणि दोन्ही हातांनी त्यांचा घामेजलेला हात धरून म्हटलं, “अभिनंदन, नानाजी!” मग सगळेच म्हणाले, अभिनंदन, अभिनंदन. टाळ्यासुद्धा झाल्या. नानाजी सायकलवर बसल्या बसल्या आमच्याकडे एकेकाकडे बघत राहिले. छाती अजून भात्यासारखी चालली होती. आणि त्या धापेतून, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघालं,

“अभिनंदन काह्याचं करून राहिले बावा? पोट त माहं फाडाचं हाय ना!”